कुंडीतील फुलझाडांसाठी खताची निवड

कुंडीतील गुलाब पानांनी डवरलेला असतो, पण त्यावर कळी मात्र दिसत नाही. याचे कारण बहुधा खताच्या निवडीत असते. जमिनीतील झाडाची मुळे अन्नाच्या शोधात दूरवर पसरतात. कुंडीतील झाडाला मात्र दहा-बारा इंचांच्या मातीवरच गुजराण करावी लागते. रोजच्या पाण्याबरोबर त्यातील अन्नद्रव्ये तळाच्या छिद्रातून वाहून जातात. त्यामुळे खत द्यावेच लागते; मात्र ते थोडे आणि नेमके असावे.

पिशवीवरील आकडे

खताच्या पिशवीवरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण दर्शवितात. नत्रामुळे पाने व फांद्या वाढतात, स्फुरद मुळांच्या वाढीस व फुलोऱ्यास साहाय्य करते, तर पालाशामुळे झाड काटक होते आणि फुलांची प्रत सुधारते. युरियात ४६ टक्के नत्र असून अन्य दोन घटक मुळीच नसतात. केवळ युरियावर पोसलेले झाड पानांनीच भरते, ते यामुळेच.

खानदेशात केळी व कापसासाठी ठिबक सिंचनाचा वापर मोठा असल्याने पाण्यात विरघळणारी खते धुळ्यातील कृषी सेवा केंद्रांतही मिळतात. कुंडीसाठी ती सोयीची आहेत. वाढीच्या काळात १९:१९:१९ आणि कळ्या धरण्याच्या सुमारास ०:५२:३४ वापरावे. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम हे प्रमाण पंधरवड्यातून एकदा पुरेसे होते. शेतासाठी सांगितलेली मात्रा कुंडीस लावू नये.

काळ्या मातीचा स्वभाव

धुळे परिसरातील काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली, बहुतांशी चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहे. अशा मातीत स्फुरद चुन्याशी जखडले जाते आणि लोह मुळांना मिळेनासे होते. फुलांसाठी हमखास सुचविला जाणारा हाडांचा चुरा आम्लधर्मी मातीत विरघळतो. येथील मातीत तो फारसा उपयोगी पडत नाही. कूपनलिकेचे जड पाणी सतत घातल्यास ही अडचण वाढते.

पाने पिवळी पडली म्हणजे सरसकट नत्र देण्याची प्रथा आहे. त्याआधी पाने नीट न्याहाळावीत. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील, तर नत्राची कमतरता संभवते. कोवळी पाने पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची उणीव समजावी. तेथे युरिया व्यर्थ ठरतो. चिलेटेड लोहाची सौम्य फवारणी उपयोगी पडते.

कुंडी भरतानाच काळ्या मातीत निम्मे चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू मिसळावी. त्याने निचरा सुधारतो आणि अन्नद्रव्ये हळूहळू मिळत राहतात. मूठभर निंबोळी पेंड घातल्यास नत्र सावकाश मिळते. शेंगदाणा पेंड भिजवून, आंबवून, भरपूर पाण्यात पातळ करून द्यावी. कोरडी टाकल्यास बुरशी व मुंग्या लागतात.

उन्हाळ्यातील दक्षता

एप्रिल-मे महिन्यांत धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. कुंडीतील पाणी झपाट्याने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. मातीवर वा कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसणे, पानांच्या कडा करपणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी खत थांबवावे आणि तळातून वाहून जाईल इतके पाणी दोन-तीनदा घालावे. कोरड्या मातीत रासायनिक खत कधीही घालू नये. आधी पाणी द्यावे व सायंकाळी खत द्यावे.

सर्व झाडांची भूक सारखी नसते. गुलाब, शेवंती व जास्वंद यांना नियमित खत लागते. मोगऱ्यास फुलोऱ्यापूर्वी, हिवाळा सरताना छाटणीबरोबर खत द्यावे. बोगनवेल व सदाफुली मात्र थोडक्यात समाधानी असतात. त्यांचे लाड केल्यास पानेच वाढतात.