मान कुळाचा की कर्तृत्वाचा?

आपल्या भाषेत 'मान' हा शब्द दोन अर्थांनी चालत आला आहे. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणी द्यावा, पहिला नारळ कोणाच्या नावाने फुटावा, हे ज्या मानाने ठरते तो मान कुळाबरोबर येतो. तो कोणी मिळवीत नाही. पूर्वजांकडून तो चालत आलेला असतो. दुसरा मान गवयाला, वैद्याला, शिक्षकाला किंवा खेळाडूला त्याच्या कामाबद्दल दिला जातो. पहिल्या मानाचा हिशेब वंशावळीत सापडतो, दुसऱ्याचा कर्तृत्वात. दोहोंची क्षेत्रे वेगळी आहेत, तोवर फारशी अडचण नसते. परंतु कर्तृत्वाच्या क्षेत्रातील मान कुळाच्या मापाने वाटला जाऊ लागला आणि वाटणारे मात्र 'आम्ही केवळ गुण पाहतो' असे सांगू लागले, म्हणजे अन्याय सुरू होतो. आणि तो उघड नसल्यामुळे त्याच्याशी झगडणेही अवघड जाते. या अन्यायाचे एक अत्यंत स्पष्ट उदाहरण, आश्चर्य वाटेल, पण क्रिकेटच्या इतिहासात नमूद आहे. ते उदाहरण म्हणजे बाळू पालवणकर यांचे.

पालवणकर घराण्याचे आडनाव कोकणातले. बाळूंचा जन्म मात्र १८७६ च्या सुमारास धारवाडचा, आणि बालपण गेले पुण्यात, जेथे वडील लष्कराच्या नोकरीत होते. कुटुंब चर्मकार समाजातील. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे हे चार भाऊ, आणि चौघेही पुढे हिंदू संघाकडून खेळले. थोरल्या बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडावे, रोलर फिरवावा, दरमहा तीन रुपये घ्यावेत, असे त्या नोकरीचे स्वरूप. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर गेले. तेथे खेळपट्टी आखणे, जाळी उभी करणे, आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे ही कामे त्यांच्याकडे आली. डाव्या हाताने टाकलेले त्यांचे मंदगती चेंडू ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजालाही चकवू लागले. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या जाळ्यात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, परंतु त्यांच्या हाती फळी कधी दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम आणि गोलंदाजी हे चाकराचे, अशी तेथील समजूत होती. यास्तव बाळू गोलंदाज म्हणून किती मोठे होते हे आपल्याला ठाऊक आहे. ते फलंदाज म्हणून काय झाले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. 'केवळ गुण पाहा' असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा विसरू नये. जो गुण दाखविण्याची संधीच मिळाली नाही, तो कोणत्याही परीक्षकाच्या वहीत उतरत नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांशी सामना खेळावयाचा होता, आणि बाळूंसारखा गोलंदाज गावात दुसरा नव्हता. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. क्लबातील तेलुगू सभासद त्यांच्या बाजूचे होते. पुण्याच्या ब्राह्मण सभासदांचे मन कचरत होते. अखेरीस त्यांना घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीच्या कपांत आत, आणि बाळूंना टाकाऊ मातीच्या भांड्यात बाहेर, अशी व्यवस्था राहिली. जेवणाची पंगतही वेगळी. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू विटाळत नव्हता. त्यांच्या हातातला पेला विटाळत होता!

१८९६ मध्ये प्लेगाचा प्रादुर्भाव झाल्यानंतर पालवणकर कुटुंब मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशावरून पुन्हा तोच वाद उठला आणि पुन्हा त्यांच्या गोलंदाजीपुढे तो मिटला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात मुंबईस जो सामना झाला, त्याने या गोलंदाजीची किंमत साऱ्या देशाला कळली. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात बाळूंनी पाच गडी बाद केले. बंधू शिवरामही त्या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर झाला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने या विजयाचा सामाजिक अर्थही उलगडून दाखविला: जातीचा आग्रह बाजूस ठेवला म्हणूनच हा विजय हाती आला.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघाचे पराभव पुष्कळ झाले. परंतु बाळूंनी एकूण ११४ गडी टिपले, आणि प्रत्येक गड्यामागे त्यांनी दिलेल्या धावांची सरासरी १९ च्या आत राहिली. परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर त्या काळी त्यांच्या चाहत्यांपैकी होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मुंबईचे हे सामने जमातवार होत. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी. १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी. १९३७ पासून पंचरंगी. १९४६ मध्ये ते बंद झाले. प्रत्येक संघ एका जमातीचा. हिंदू संघात बाळू होते ते हिंदू म्हणूनच. म्हणजे गडी बाद करावयाचे असतील तेव्हा ते निःसंशय हिंदू ठरत. परंतु संघाचे नायकपद द्यावयाची वेळ आली की 'हिंदू' हा शब्द एकाएकी आखडता होई, आणि मापाला जात लागे. १९१० नंतर प्रतिवर्षी त्यांचे नाव नायकपदासाठी पुढे येत राहिले आणि प्रतिवर्षी मागे पडत राहिले. निवड समितीने 'जातीमुळे नाही' असे कधी लिहून ठेवले नाही. तशी गरजही नव्हती. नायकाला शिक्षण हवे, वजन हवे, इतरांनी मानावे असे व्यक्तिमत्त्व हवे, असे म्हणता येत होते. या प्रत्येक शब्दाची व्याख्या समितीच्या हाती होती. ११४ गड्यांची व्याख्या मात्र कोणाच्याच हाती नव्हती. तो आकडा सर्वांना सारखाच दिसत होता.

या अन्यायाची कबुली ज्यांच्या पदरात तो मान पडला त्यांनीच दिली, ही या इतिहासातील उजळ बाजू होय. हिंदू संघाचे नायक एम. डी. पै यांचा १९१३ मध्ये सत्कार झाला, तेव्हा त्यांनी स्पष्टपणे सांगितले की हा मान वस्तुतः ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. सत्काराच्या हारातून मान वर काढून असे बोलणे सोपे नसते.

१९२० मध्ये चौरंगी सामने पुण्यास भरले. पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळण्यात आले, आणि नायकपद विठ्ठल पालवणकरांना डावलून दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर हे थोर खेळाडू होते यात शंका नाही. पुढे रणजी करंडक त्यांनी महाराष्ट्राला दोनदा मिळवून दिला. परंतु त्या वेळी विठ्ठल त्यांना ज्येष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीर पत्रकाने मांडली. त्यांची मागणी सवलतीची नव्हती. ज्येष्ठतेचा आणि गुणाचा जो नियम इतरांना लागतो तोच आम्हांला लावा, एवढेच त्यांचे म्हणणे. लोकमत खवळले. अंतिम सामन्यास पै परतले, पालवणकर बंधूही परतले, आणि बाळू उपनायक झाले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. जे समितीने वर्षानुवर्षे दिले नाही, ते एका सहकाऱ्याने काही तासांपुरते दिले.

त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेसने अस्पृश्यता निवारणाचा आग्रह धरला. देशाची हवा बदलत होती. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले. त्या वर्षी हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरविले. विठ्ठल यांच्या नायकत्वाच्या चार वर्षांत, १९२३, १९२५ आणि १९२६ या तीन वर्षी, हिंदू विजयी झाले. ही हकीकत विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' या आपल्या मराठी आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

कोणी शंका घेईल की विठ्ठल यांना नायकपद मिळाले ते गुणांमुळे की चळवळीच्या दडपणामुळे? या प्रश्नातच एक गफलत आहे. चळवळीने विठ्ठल यांना एकही धाव दिली नाही. तिने केवळ तराजूच्या एका पारड्याखाली दडविलेले वजन काढून घेतले. पारडे मग आपोआप सरळ झाले. मान गुणानेच द्यावा, हे तत्त्व निर्विवाद आहे. जातीकडे पाहून पुरस्कार देणे हा घेणाऱ्याचाही अपमानच, कारण त्याच्या कष्टांवर त्यामुळे कायमचा संशय बसतो. परंतु गुण स्वतःहून चालत येऊन आसनावर बसत नाही. त्याला दार उघडणारे तेलुगू सभासद लागतात, खरे बोलणारे पै लागतात, आणि अन्याय झाला तर घरी बसण्याची हिंमत असलेले विठ्ठल आणि शिवराम लागतात.

बाळूंचा पुढचा मार्ग राजकारणाचा होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी हरले. मतभेद झाला, परंतु दोघांच्याही जीवनाचा प्रश्न एकच होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. हिंदू संघाचे नायकपद त्यांना कधीच मिळाले नाही.

आपल्या देवस्थानांच्या आणि समाजांच्या कार्यकारिणी आज गायकांना, विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांना गौरवीत असतात. त्यांनी या इतिहासातून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ झाले. मान कुळाचा असेल तर तसे उघड म्हणावे. गुणाचा असेल तर गुण कोणता आणि तो कसा मोजणार हे नावे पुढे येण्याआधी लिहून ठेवावे. आणि सर्वांत वरचे नाव वगळले गेले तर त्याचे कारण त्याच वहीत नोंदवावे. हिंदू जिमखान्याच्या समितीला असे कारण लिहावे लागले असते, तर तिची लेखणी अडखळली असती. आणि त्या अडखळण्यातच बाळूंचा न्याय झाला असता.