हिब्रू संदेष्टे (ख्रिस्ती श्रद्धेतील स्थान)

हिब्रू संदेष्टे : इ.स.पू. आठव्या ते पाचव्या शतकांत आमोस, होशेय, यशया, मीखा, यिर्मया आदींनी देवाच्या नावाने इस्राएल व यहूदाच्या राजांना आणि प्रजेला जे सुनावले, ते जुन्या करारात ग्रंथरूपाने उरले आहे. भविष्य म्हणताच पंचांग आठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की यातले बरेचसे बोल पुढे काय घडणार याविषयी नसून समोर काय बिघडले आहे याविषयी आहेत.

विदर्भात या ग्रंथांच्या अध्ययनाचे मोठे ठाणे यवतमाळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या फ्री मेथडिस्ट मिशनच्या पायावर १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि कापसाच्या या गावी देशभरातले होऊ घातलेले पाळक येऊ लागले. जुन्या कराराचे अभ्यासक सफीर अत्याल हे तिचे पहिले भारतीय प्राचार्य. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्यात बिबवेवाडीला हलली. मूळ हिब्रूचा ध्यास मराठीत त्याआधीच रुजला होता : पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये बाहेर पडले.

ख्रिस्ती माणसासाठी ही वाणी येशूकडे बोट दाखवते. नाताळच्या उपासनेत यशयाचा नववा अध्याय आणि बेथलेहेमचे नाव घेणारा मीखा वाचतात. उत्तम शुक्रवारी यशया ५३ मधला, इतरांसाठी सोसणारा सेवक येतो. यहुदी परंपरा त्या सेवकात प्रामुख्याने इस्राएल राष्ट्रच पाहते. ग्रंथांचा क्रमही निराळा. यहुदी बायबल इतिहासाच्या ग्रंथाने संपते आणि दानीएलला संदेष्ट्यांत बसवत नाही; ख्रिस्ती जुना करार मलाखीवर, एलीया परत येईल या आश्वासनावर थांबतो, म्हणजे पान उलटताच शुभवर्तमान. ही मांडणीच निम्मे भाष्य आहे.

हिब्रू का शिकायची, याचे झावळ्यांच्या रविवाराइतके बोलके उदाहरण नाही. जखऱ्याच्या नवव्या अध्यायात राजा गाढवावर, शिंगरावर बसून येतो. हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोनदा सांगायची रीत असल्याने जनावर एकच. शुभवर्तमानकार मत्तयाने मात्र येशूच्या यरुशलेम-प्रवेशासाठी गाढवी व शिंगरू अशी दोन आणवली. मार्क, लूक आणि योहान एकावरच भागवतात.

१९४८ च्या इस्राएल राष्ट्रात या वचनांची पूर्तता पाहणारेही काही ख्रिस्ती आहेत. त्या हिशेबांत वर्षे फार मोजली जातात आणि आमोस मागे पडतो. कर्जापायी गरिबाला जोडाभर वहाणांच्या मोलाने विकणाऱ्यांवर, खोट्या मापाने धान्य विकणाऱ्यांवर त्याने कोरडे ओढले आहेत. सावकारी आणि शेतकरी आत्महत्या पाहिलेल्या यवतमाळ जिल्ह्यात या संदेष्ट्याला वेगळ्या टीकेची गरज भासू नये.

लूकच्या शुभवर्तमानात वचनांची पूर्तता आणि गरिबांचा कैवार या दोन्ही बाजू एकत्र येतात. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडतो, दीनांना सुवार्ता व बंदिवानांना सुटका हा भाग वाचतो आणि हे आज पूर्ण झाले म्हणतो. मूळ ओळ पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाकडे जाते. येशू त्याआधीच वाचन थांबवतो. हे थांबणे मुद्दाम होते, असे अनेक भाष्यकार मानतात.