छप्पन्न क्रमांकाची कूळकथा

लातूर जिल्ह्यातलं शिरूर अनंतपाळ भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ५६ बी या शीटवर येतं आणि बल्लारपूरच्या कोळसाखाणी ५६ एम वर. एक गाव काळ्या बसाल्टच्या पठारावर, दुसरं गोंडवन खडकांत. तरी दोन्हींचा मूळ क्रमांक एकच. ७६ ते ८० पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश, एवढा तो चौकोन. ही क्रमवारी १९०५ नंतरच्या नव्या नकाशांची, पण तिच्याखालचं त्रिकोणांच्या मोजणीचं जाळं फार जुनं आहे. खाणींमुळे नकाशे झाले, हा रूढ समज मला म्हणूनच उलटा वाटतो.

त्या मोजणीचा सर्वेक्षक लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली, ती पृथ्वीचा आकार कळावा म्हणून. मोजणी उत्तरेकडे नेता नेता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. १८४१ मध्ये पुढचा सर्वेक्षक वॉ याने शिरूरपासून फार दूर नसलेल्या बीदरला आधाररेषा मोजली. बल्लारपूरच्याच वर्धा खोऱ्यातली वरोऱ्याची कोळसाखाण सुरू झाली ती १८७० च्या दशकात, आणि भूवैज्ञानिक ह्यूजेसचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा ग्रंथ १८७७ चा. म्हणजे हे जाळं कोळशाच्या कितीतरी आधीचं.

यावर आक्षेप येईल की त्रिकोणांच्या टोकांनी नाले आणि शिवार दिसत नाहीत. खरा नकाशा महसुली मोजणीनेच भरला. भरला, हे मान्य. पण वर्धेच्या एका काठावर ब्रिटिशांचं बल्लारपूर होतं आणि पलीकडे निजामाच्या राजुऱ्यातली सास्ती. कोळशाचे थर नदीखालून पलीकडे जातात. महसुली मोजणी मात्र राज्याच्या हद्दीशी थांबते. दोन्ही काठांना एका मापात बांधणारी गोष्ट त्रिकोणांची साखळीच. भूगर्भ सर्वेक्षण खातं १८५१ मध्ये कोळशासाठीच उभं राहिलं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी भूवैज्ञानिक खडकांचे रंग भरतो ते आधीच्या नकाशावर, आणि तो नकाशा कोळशाने मागितलेला नव्हता. पुढे समोच्च रेषांच्या रंगीत शीटांचं युग सुरू झालं, तेव्हा तर वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंदच पडली.

मग एकाच ५६ मध्ये असलेल्या शिरूरच्या बसाल्टखालीही कोळसा असेल का? भूपृष्ठाचा नकाशा याचं उत्तर देऊ शकत नाही, ते जमिनीत खोल पाडलेलं भोकच देतं. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्याच किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडलं. सुमारे ३३८ मीटर बसाल्ट, त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि लगेच ग्रॅनाइट-नाइस लागला. कोळसा धरणारे गोंडवन खडक तिथे नव्हतेच.