जॅक्सन : पंडित की शत्रू?

* ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचे कलेक्टर. बदलीनिमित्त निरोप म्हणून ठेवलेल्या ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आले असता २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

मारला गेला तो संस्कृतचा व्यासंगी, ‘पंडित’ म्हणवला जाणारा अधिकारी. पण क्रांतिकारक बाबाराव सावरकरांवरील खटल्यामागचा हातही त्याचाच, असे क्रांतिकारकांचे म्हणणे. त्यामुळे कुणी हळहळले, कुणी या हत्येला युद्धच मानले.

अशा वधाच्या नैतिकतेचा प्रश्न नवा नव्हता. शिवाजी महाराजांनी केलेल्या अफजलखानाच्या वधाची नैतिक बाजू टिळकांनी १८९७च्या शिवोत्सवात मांडली होती. पण तिथे समोर फौज उभी होती, इथे नाटकाचे प्रेक्षक. हा फरक डावलता येत नाही.

कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. — संपादक