जेफर्सनचें स्मारक आणि गाळलेलें वाक्य

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभीं जाणाऱ्या प्रवाशास टायडल बेसिन या जलाशयाच्या कांठीं फुलांनीं डंवरलेलीं चेरीचीं झाडें दिसतात. टोकियो नगरानें १९१२ सालीं स्नेहाची खूण म्हणून ३,०२० झाडें धाडिलीं, त्यांची ही परंपरा. डिसेंबर १९४१ मध्यें जपानशीं युद्ध जुंपतांच कोणीं चार झाडें तोडिलीं. बाकीचीं फुलत राहिलीं.

याच जलाशयाच्या दक्षिण तीरावर थॉमस जेफर्सनचें संगमरवरी स्मारक उभें आहे. जॉन रसेल पोप या स्थापत्यविशारदानें तें रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर योजिलें: वर्तुळाकार स्तंभपंक्ति आणि वर घुमट. ही आवड खुद्द जेफर्सनची होती. त्याच्या द्विशतसांवत्सरिक जन्मदिनीं, १३ एप्रिल १९४३ रोजीं, उद्घाटन झालें. युद्धामुळें धातु दुर्मिळ, म्हणून पुतळा प्रथम प्लॅस्टरचा होता. १९ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा १९४७ मध्यें बसला.

पण खरें पाहण्याजोगें आहे तें आंतील भिंतींवर. एकीवर १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांतील समतेचा उद्घोष आहे. दुसरीवर गुलामांची मुक्ति विधिलिखित आहे, अशा आशयाचें वाक्य आहे आणि त्यास लागूनच लोकशिक्षणाविषयींचें निराळें वचन जोडलेलें आहे. मूळ आत्मवृत्तांत, १८२१ सालीं, जेफर्सननें पुढें लिहिलें होतें कीं, दोन्ही वंश सारखेच स्वतंत्र राहून एका राज्यांत नांदूं शकणार नाहींत. तें वाक्य भिंतीवर नाहीं.

जन्मभरांत ६०० हून अधिक माणसें त्याच्या मालकीचीं होतीं. हयातींत त्यानें दोघांस व मृत्युपत्रानें पांच जणांस मुक्त केलें. १८२६ मध्यें तो कर्जबाजारी स्थितींत वारला, आणि पुढल्याच वर्षीं मोंटिचेलो येथें सुमारें १३० गुलाम विक्रीस निघाले.

मग जाहीरनामा खोटा ठरतो काय? तसें मला वाटत नाहीं. गुलामगिरींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसनें १८५२ मध्यें भरसभेंत त्याच जाहीरनाम्यावर बोट ठेवून राष्ट्रास जाब विचारला. १८६५ मध्यें घटनादुरुस्तीनें गुलामगिरी बंद झाली. लिहिणाऱ्यास जें पेललें नाहीं, तें ज्यांना वगळलें होतें त्यांनीं पदरांत पाडून घेतलें.

म्हणून तेथें जाणाऱ्यानें फुलें पाहावींत, घुमटही पाहावा. पण त्या भिंतीपाशीं क्षणभर थांबून गाळलेलें वाक्य मनांत वाचावें. त्यावांचून जेफर्सन पुरता कळत नाहीं, आणि डग्लसची थोरवीही ध्यानीं येत नाहीं.