हरसूलची 'लूट'

डिसेंबर १८५७ मध्ये पेठ संस्थानातील हरसूलचा बाजार कोळी आदी डोंगरी जमातींनी लुटला. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये या घटनेची नोंद आहे; भाषा मात्र दरोड्याच्या पंचनाम्याची. त्याच सुमारास त्र्यंबकच्या खजिन्यावर भिल्ल आणि ठाकर चालून गेले. या अस्वस्थतेमागे त्र्यंबकच्या एका ब्राह्मणाची चिथावणी होती, असा समजही गॅझेटियर नोंदवते. डोंगरातल्या माणसाला स्वतःचा राग असू शकतो, हे लिहिणाऱ्याच्या मनातच येत नाही. (आपल्याकडील काही राष्ट्रवादी इतिहासलेखकांच्याही ते आले नाही, म्हणा.)

बाजारच का लुटला गेला, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. रानात राबणाऱ्याची सावकाराशी, त्याच्या तराजूशी आणि वहीशी गाठ पडायची ती बाजारातच. त्या गर्दीने नेमके काय नेले यापेक्षा तिने कोणती जागा निवडली, हे मला अधिक बोलके वाटते.

संस्थानावर हक्क सांगणाऱ्या भगवंतराव नीळकंठरावांना या उठावापायी फाशी झाली. त्यांचे नाव उरले. सोबत फासावर गेलेल्यांची ओळख 'साथीदार' एवढीच. पुढे १८७८ मध्ये बेगम नूरजहान वारल्या आणि पेठ संस्थान खालसा झाले.