परमुलुखाचे अन्न



उन्हाळ्याची सुटी लागली की अलीकडे आपल्या गावांतूनही पुष्कळ कुटुंबे परदेशच्या प्रवासाला निघतात. त्यांच्या सामानात एक पेटी हमखास खाण्याची असते. चिवडा, दशम्या, लोणचे, मेतकूट असे सारे तीत असते. प्रवास घडवून आणणारी मंडळीही 'रोज घरच्यासारखे जेवण' अशी हमी देतात. देश परका पाहायचा, पण ताट आपलेच हवे! यात हसण्यासारखे काही असेल, पण मला आज त्या पेटीचा इतिहास सांगावयाचा आहे. कारण परमुलुखात आपण काय खातो यापेक्षा कोणाच्या हातचे खातो, हा प्रश्न आपल्या समाजाने फार काळ महत्त्वाचा मानला.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना माहेरची माया मिळाली. त्या बाईंना त्या 'मावशी' म्हणत. तरी आपला आहार आणि पोषाख सोडावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. तेथील थंडी, अभ्यासाचे श्रम आणि अपुरे पोषण यांनी प्रकृती खंगत गेली. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. दोष त्यांच्या निश्चयाचा नव्हे. परक्याचे अन्न खाल्ले तर परत आल्यावर आपले लोक घरात घेणार नाहीत, ही धास्ती ज्या समाजाने घातली, त्या समाजाचा तो दोष होता.

या धास्तीसाठी समुद्र ओलांडण्याचीही गरज नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्यात सापडले. रानड्यांना १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. आणि गंमत अशी की, ही नावे बाहेर फोडणारे गृहस्थ दुसरे कोणी नसून आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी हेच होते. बड्या सुधारकांचे धैर्य एका पेल्याने मोजता येते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

आता कोणी म्हणेल, ही सारी पुण्याकडची कथा. तिचा आमच्या रानातल्या जिल्ह्यांशी काय संबंध? संबंध असा, की परमुलुख समुद्रापलीकडेच असतो असे नाही. आपल्याकडे वरोऱ्यास काळी जमीन, कापूस आणि ज्वारीची भाकरी. पूर्वेस वैनगंगेच्या अंगाने गेलो की मामा तलाव, बोड्या आणि धान. आणखी दक्षिणेस सिरोंच्याला पोचलो की भाषाच तेलुगू होते. हे सिरोंचे १८६० पासून अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते आणि १८७४ मध्ये चांद्यास जोडले गेले. पश्चिमेच्या राजुऱ्याचेही तसेच. तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि नांदेडमार्गे १९५९ मध्ये आपल्यात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तात्पर्य, आपल्या घरातच तीन-चार मुलुख नांदतात.

त्यांतला जो सर्वांत आतला मुलुख, त्याच्या ताटाची ओळख शहरवासीयांना फारच थोडी. मोह म्हटला की आपल्याला दारू आठवते. पण चैत्राच्या पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसलेल्या बायकापोरांना विचारा. ती फुले वाळवून ठेवतात, शिजवून खातात, डाळीत किंवा पिठात घालतात, आणि बियांचे तेल काढतात. पावसाळा लागला की सात्या आणि वास्ते येतात; उन्हाळ्यात टेंभरे व चार पिकतात; अंबाडी तर घरोघरची. कोणती वस्तू केव्हा तोडावी याला नियम आहे. देवाला दाखवून पंडुम साजरा केल्याखेरीज नवे फळ वा फूल खायचे नाही, अशी माडिया-गोंडांची रीत आहे. फळ पुरते पिकू द्यावे आणि झाडाखाली बी पडू द्यावे, हे शहाणपण त्या रीतीच्या पोटात आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतातील पिके बुडाली, तेव्हा याच रानफळांनी व मोहाने पुष्कळ कुटुंबे तगविली.

बाहेरच्या माणसाने हे अन्न खाल्ले नाही असे नाही. चारोळी आपल्या श्रीखंडात आणि बासुंदीत कधीपासून आहे. पण ती आली कशी? मिठाच्या बदल्यात. रानात मीठ पिकत नाही. तेव्हा व्यापाऱ्याने वजनाला वजन मीठ द्यावे आणि कितीतरी पट मोलाची चारोळी न्यावी, असा व्यवहार या भागात पिढ्यान् पिढ्या चालला. तेव्हा स्थानिक पदार्थ नुसता चाखला म्हणजे आपण त्या मुलुखाचे झालो, असे समजण्याचे कारण नाही.

त्या मुलुखाचे होणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण राजुऱ्यापलीकडेच आहे. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा हिंदुस्थानात होते. त्यांचा परवाना जर्मन, म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानातच राहावे लागले. ते पत्नी बेटी यांच्यासह आदिलाबादेतील मारलवाई या गोंड गावी वस्ती करून राहिले. तेथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाला. त्याच जिल्ह्यात आपले सेतुमाधवराव पगडी सरकारी कामासाठी गेले आणि त्यांनी गोंडी भाषेचा अभ्यास केला. भाषा कचेरीत बसून येत नाही, तिच्यासाठी कोणाच्या तरी चुलीपाशी बसावे लागते. बेटीबाई १९८७ मध्ये वारल्या, तेव्हा त्यांना मारलवाईतच पुरण्यात आले.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. पूर्व पाकिस्तानातून निघालेली बंगाली कुटुंबे १९६० नंतरच्या दशकात आपल्या जिल्ह्यात वसविली गेली. मुलचेरा आणि चामोर्शी भागात त्यांची गावेच आहेत. ही मंडळी हौसेने प्रवासाला आलेली नव्हती. देश गेला, नदी गेली, घर गेले. पण भात येथेही होता, आणि तळ्याबोड्यांत मासेही होते. बंगालचे माच्छेर झोल येथल्या माशांवर शिजू लागले. जमिनीचे पट्टे आणि जातीचे दाखले यांचे प्रश्न बरीच वर्षे रेंगाळले; ते कागदावरचे होते. चुलीवरचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतः सोडविला.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी वडिलांची बदली आलापल्लीपुढच्या एका गावी झाली होती. पावसाळ्यात नाले भरले, वाट बंद झाली आणि आमची कणीक संपली. शेजारची गोंड बाई आंबिलीचे मडके आणि अंबाडीची भाजी घेऊन दारात आली. आई घुटमळली. तेव्हा ती म्हणाली, "पोरायले उपासी काहून ठेवता, बाई?" आम्ही जेवलो, पोटभर जेवलो. पुढे पूर ओसरला आणि सामान आले. आईने त्या बाईला कृतज्ञतेने चहा दिला. पण तो ओसरीवर ठेवलेल्या वेगळ्या कपातून. तो कप आमच्या घरात बरीच वर्षे होता. पंचहौदचा चहा मी पुढे पुस्तकात वाचला, तेव्हा मला रानड्यांच्या हातातला पेला दिसला नाही; आमच्या ओसरीवरचा कप दिसला.

म्हणून आपण कुटुंबासह परदेशी जाल, तेव्हा चिवडा जरूर न्या. त्यात पाप नाही. शाकाहारी असाल तर शाकाहारीच राहा. पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडात राहिल्या, ख्रिस्ती झाल्या, तरी शाकाहारी राहिल्या. पण तेथील एखादी भाकरी, एखादे फळ, एखादी भाजी मुलांना खाऊ घाला, तिचे नाव विचारायला शिकवा, आणि ती रांधणाऱ्याचेही नाव विचारायला शिकवा. आणि विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एकदा एटापल्लीला, भामरागडला जाऊन या. तेथे कोणी आंबील पुढे केली तर घ्या. मग तो माणूस आपल्या घरी येईल, तेव्हा चहा त्याच कपातून द्या, ज्यातून आपण पितो.